सागाच्या फळीचा आकडा सत्तावीस

मोताळा,
२२ नोव्हेंबर १९६४

चि. इंद्रभान यास,

मामाचा आशीर्वाद घे. पूर्ण वजनाचा आहे, तिकीट कमी लावलेलं नाही.

तुझी आई मागच्या खेपेला सांगत होती, की नागपूरला तू ज्या लाकडाच्या कारखान्यात तपासनीस आहेस, तिथे ओल मोजायचं यंत्र आहे. दोन सुया फळीत टोचायच्या की काटा फिरतो आणि आकडा दाखवतो. हे खरं असेल तर ते यंत्र मला थोडे दिवस पाठव.

काऊन, ते ऐक. आमच्या ओसरीवर छपराच्या कवेलूखाली सागाच्या फळ्या ठोकलेल्या आहेत, हे तुला माहीत आहे. लहानपणी तिथेच चेंडू मारून माझी झोपमोड करायचास. १९६० च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरावरचे कवेलू उकंडराव मिस्त्रीनं उतरवून नव्यानं फेरले. उकंडराव म्हणजे माझा चौथीपासूनचा मित्र, राहतो गल्लीत समोरच. आणि त्याच पावसाळ्यात ओसरी गळली! तेव्हा माझा रेडिओ नवा. बातम्या ऐकायला अर्धं गाव बसलेलं, आणि धार लागली ती बरोबर गल्लीतल्या पंजाबरावांच्या टाळूवर. मी उकंडरावला त्या सगळ्यांसमोर कामचोर म्हटलं. त्यानं घरून शिडी आणली. शिडी लावली, वर चढला, काहीतरी खुडबुड केली, उतरला आणि गेला. त्या दिवसापासून त्यानं माझी पायरी चढली नाही आणि मी बोलावलं नाही. रोज संध्याकाळी आमचा सोंगट्यांचा डाव व्हायचा. तो पट चार वर्षं कोनाड्यात पडला आहे.

डाग मात्र फळीवर तसाच आहे. काळा, बसलेल्या म्हशीएवढा. तुझी मामी म्हणते, "चार पावसाळे गेले, एक थेंब पडला नाई." अरे, थेंब पडत नाही म्हणजे ओल आत मुरते आहे! मिस्त्रीनं वरून थातुरमातुर केलं, एवढाच त्याचा अर्थ. मला ते सिद्ध करायचं आहे.

तेहतीस वर्षं पोस्टात काढली. पार्सल घेऊन येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, "हलकंच आहे मास्तर." काट्यानं कधी असं म्हटलं नाही. म्हणून मला माणसाचं नको, काट्याचं मत पाहिजे.

हिंमतराव


नागपूर,
२ डिसेंबर १९६४

ती. मामांच्या पायांवर डोकं ठेवून, आणि चेंडूबद्दल पुन्हा एकदा माफी मागून,

यंत्र पाठवत आहे. कारखान्यात नवं आलं, म्हणून साहेबांनी जुनं संक्रांतीपर्यंत न्यायला दिलं. पंजाबराव इकडे कामाला आले होते, त्यांच्याच हाती देतो. त्यांना त्या धारेची आठवण अजून आहे. म्हणाले, "तवापासून मी त्या ओसरीवर टोपी घालूनच बसतो."

यंत्राचं पुस्तक इंग्रजीत आहे, तुमच्यासाठी मराठीत चिठ्ठी करून डब्यात ठेवली आहे. थोडक्यात असं: काटा बाराच्या आत असेल तर लाकूड कोरडं. बारा ते वीस असेल तर लक्ष ठेवायचं. वीसच्या वर गेला की ओल आहे, आणि ती तशीच राहिली तर फळी कुजून कामातून जाते. तिसाच्या पुढे आकडेच नाहीत.

पण मामा, एक गोष्ट आधी सांगतो. डाग म्हणजे ओल नव्हे. पाणी एकदा येऊन गेलं की लाकूड काळं पडतं, ते पाणी वाळल्यावरही काळंच राहतं. आमच्याकडे असे किती तक्ते येतात. दिसायला कोळसा आणि काट्यावर नऊ. म्हणून नुसत्या डागावर सुया टोचू नका. शेजारच्या स्वच्छ फळ्याही मोजा. दोन्हीकडचे आकडे सारखे आले तर गळती केव्हाच थांबली आहे.

आणि तसं झालं, तर उकंडमामांना हाक मारायला तुम्हाला काही अडचण नसावी.

इंद्रभान


मोताळा,
१४ डिसेंबर १९६४

चि. इंद्रभान,

सत्तावीस!

पुन्हा लिहितो, पोस्टात दोनदा वजन करायची सवय आहे. सत्तावीस! डागाच्या बरोबर मधोमध. दुसऱ्या दिवशी सव्वीस, तिसऱ्या दिवशी पुन्हा सत्तावीस. स्वच्छ फळ्या तू सांगितल्याप्रमाणे मोजल्या, त्या दहा. बाजारच्या दिवशी घरात शांतता होती, तेव्हा एका बैठकीत बाराच्या बारा फळ्या मोजून काढल्या. सगळ्या दहा! आणि डागाची सत्तावीस. आता बोल.

मला आनंद झाला असं नाही. घर माझंच आहे. फळी कुजली तर डोक्यात माझ्याच पडेल. पण चार वर्षं गल्लीतला जो-तो माझ्याकडेच पाहायचा, जसं काही मीच भांडखोर. तुझी मामीसुद्धा. आता काट्यानं निकाल दिला.

बरं, उकंड्या मोताळा सोडून चालला. त्याची बायको गेली, पोरगी उंद्रीला दिली आहे, तिच्याकडे कायमचा जाते म्हणे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं. जाते तर जाऊ दे, मले काय करायचं? फक्त जायच्या आधी हिशेब चुकता झाला पाहिजे. म्हणून संक्रांतीला तिळगुळाच्या निमित्तानं सगळ्यांना ओसरीवर बोलावतो आहे, त्यालाही. आणि त्याच्यादेखत सुया टोचणार आहे. आता बोल म्हणावं मिस्त्री!

हिंमतराव


नागपूर,
१९ डिसेंबर १९६४

ती. मामांना नमस्कार, आणि हात जोडून विनंती,

कोणालाही बोलावू नका.

मामा, दसऱ्यापासून तुमच्याकडे पाऊस नाही. आईच्या पत्रात आहे की विहिरीसुद्धा खाली गेल्या. वर कवेलू, खाली ओसरीचा वारा, त्यात साग. दोन महिन्यांत ती फळी पापडासारखी वाळायला पाहिजे. सत्तावीस यायला तिथे पाणी पाहिजे, आणि पाणी आणणार कोण? मी इथे यंत्र तपासून पाठवलं होतं. शेजारच्या फळ्या दहा दाखवतात म्हणजे ते बरोबरही चाललं आहे. मग या एकाच फळीला झालं काय?

तेव्हा असं करा. त्याच जागी सकाळी एकदा मोजा आणि दुपारी चारला एकदा. आणि मोजायच्या आधी तुम्ही काय काय करता, ते सगळं क्रमानं लिहून पाठवा. काही गाळू नका.

उकंडमामांनी मला लाकडाचा भोवरा करून दिला होता, तो माझ्या टेबलावर अजून आहे. असा माणूस फळीखाली ओल ठेवून जाईल, हे मला पटत नाही. रागावू नका.

इंद्रभान


मोताळा,
२७ डिसेंबर १९६४

चि. इंद्रभान,

रागावलो. तू सांगितल्यावर तर जास्तच.

मी काय काय करतो म्हणून विचारतोस? पोस्टमास्तरला पार्सल कसं तोलतात ते विचार! घे, लिहून घे. सकाळी आंघोळ, मग टोपी. तुझ्या मामीची पूजाबिजा आटोपली की मी स्टुलावर चढतो. उतार तिथे खाली आला आहे, हात सहज पुरतो. सुया नीट दाबतो, शंभरपर्यंत मोजतो, आकडा वाचतो, उतरतो, वहीत लिहितो. यात काय चुकलं, सांग.

सकाळी अठ्ठावीस. दुपारी चारला तेरा. हे तू सांगितलंस म्हणून कळलं, त्याबद्दल शाबासकी देतो. याचा अर्थ उघड आहे: ओल आत दडून बसते, सकाळच्या गारव्यात बाहेर निघते आणि उन्हं तापली की पुन्हा आत जाते. असली लपाछपी करणारी ओल! ज्यानं काम केलं त्याचाच स्वभाव उतरला आहे. पंजाबरावांना हे समजावून सांगितलं. ते "असन" म्हणाले आणि त्यांनी टोपी घट्ट केली.

बोलावणी गेली आहेत. उकंड्याकडे मी स्वतः गेलो नाही, निरोप धाडला. येतो म्हणाला. चार वर्षांत त्यानं मला धाडलेला हा पहिला शब्द.

तुझी मामी तुला वेगळं पत्र लिहायचं म्हणते. बायकांचं काहीतरी असेल.

हिंमतराव


मोताळा,
१ जानेवारी १९६५

चि. इंद्रभानले मामीचा आशीर्वाद,

मले लिहायची सवय नाई बाप्पा, चुकलंमाकलं समजून घेजो. तुह्या मामाले न दाखवता लिहून राह्यली.

पह्यलं इचारायचं हे, का ते सुया टोचणं घराले बाधत तर नाई ना? वास्तू केलेलं घर हाये, त्याचं लाकूड असं रोज टोचाव, मले बरं वाटत नाई. आन यंत्रही परक्या घरचं. म्हणून मी रोज सकाळी ते टोचाच्या आधी खाटेवर चढून त्या काळ्या फळीले तांब्यातलं पाणी शिंपडतो, हळदकुंकू लावतो, फूल वाहतो आन म्हणतो, बाई, राग धरू नको, म्हाताऱ्याले छंद लागला. मंग ते टोचते. स्वच्छ फळ्यायचं राह्यलंच. मी बाजारातून आली त बाराच्या बारा टोचून मोकळे! मले किती वाईट वाटलं. चालते का रे तसं?

दुसरं, आकडा अजून वाढवता येते का? मोठा आकडा आला का हे खुश होते, चहा मांगते, मले हाक मारून दाखवते. लाकूड लय मजबूत असन म्हणूनच मोठा आकडा येत असन ना? पह्यले मी जरासं शिंपडत होती. एक दिवस हात सुटला, पाणी जास्त पडलं, त अठ्ठावीस आला. तवापासून दोन चुळका जास्त टाकतो. संक्रांतीले पाव्हणे येणार, त्या दिवशी तीस यावा असं मले वाटते.

तिसरं सांगू का नको, सांगतोच. हे वरून कितीही बोलत असले तरी उकंडभाऊजी चालले ऐकल्यापासून जेवण अर्धं झालं. काल मी पाह्यलं, कोनाड्यातून सोंगट्या काढून सदऱ्यानं पुसून राह्यले होते. मी आली त म्हणते, "धूळ लय बसली बे." मले बे म्हटलं, दोस्ताले म्हणते तसं! एवढ्या वर्षात कधी म्हटलं नाई. त्यायच्या डोक्यात भाऊजीच होते.

पत्रातलं मामाले सांगजो नको.

तुही मामी,
सुभद्रा


तार
नागपूर, ४ जानेवारी १९६५

हिंमतराव, निवृत्त पोस्टमास्तर, मोताळा

पाणी मामीचे. फळी कोरडी. पूजा थांबवून मोजा. पत्र मागून.
इंद्रभान


नागपूर,
४ जानेवारी १९६५

ती. मामा,

पत्रापेक्षा तार आधी पोचेल म्हणून तारेचा खटाटोप केला. पोस्टातल्या सगळ्यांनी वाचली असेल, त्याला इलाज नाही.

मामींचं गुपित मला उघड करावं लागलं, माझ्यावर काय रागवायचं ते रागवा. सकाळी त्या त्याच फळीवर पाणी शिंपडून पूजा करतात आणि तुम्ही त्याच ओल्या जागी सुया टोचता. वर ओलं कुंकू. काटा बिचारा जे आहे तेच सांगतो. दुपारपर्यंत वाळतं, म्हणून तेरा. बाजारच्या दिवशी मामी घरी नव्हत्या, म्हणून बाकीच्या फळ्या दहा. लपाछपी ओलीची नव्हती, मामा.

मामींना रागावू नका. मोठा आकडा म्हणजे चांगलं, असं त्यांना वाटलं. तुमचं तोंड पाहून मलाही तसंच वाटलं असतं.

तीन दिवस फळीला पाणी लागू देऊ नका. कुंकू कोरड्या फडक्यानं पुसा. मग मोजा. आणि खरं काय ते मला कळवलं नाहीत तरी चालेल, पण उकंडमामांना गाडी निघायच्या आधी कळवा.

इंद्रभान


मोताळा,
१८ जानेवारी १९६५

चि. इंद्रभान,

तार पोचली. माझ्याच जुन्या पोस्टात आली, माझ्याच हाताखालच्या शिपायानं आणली, आणि दारातूनच ओरडला, "मास्तर, पाणी मामीचं हाये म्हणे!" गल्लीभर झालं. तुझी मामी आत जाऊन बसली ती संध्याकाळी बाहेर आली. मी तिला रागावलो नाही. कोणत्या तोंडानं रागावू? ती रोज माझ्या डोळ्यांसमोर खाटेवर चढून शिंपडत होती, आणि मी बाजूला टोपी घालून तिचं आटपायची वाट पाहत उभा! कुंकवावर सुया टोचल्या मी. तेहतीस वर्षं काट्यापुढे बसलो आणि ताटलीत काय ठेवलं आहे ते पाहिलं नाही.

तू तीन दिवस म्हणालास, मी आठ-नऊ दिवस फळी कोरडी ठेवली. संक्रांतीच्या सकाळी मोजली. दहा. डागाच्या कडेला दहा, पोटात दहा, सगळ्यात काळी जागा साडेनऊ. स्वच्छ फळ्यांपेक्षा कोरडी! मी स्टुलावरच बसून राहिलो. तुझी मामी म्हणाली, "कमी आला का हो?" मी म्हटलं, "हाव. चार वर्षं झाली कमी येऊन."

बोलावणी गेलेलीच होती. संध्याकाळी माणसं जमली, पंजाबराव टोपीसकट. उकंड्या आला आणि पायरीखालीच उभा राहिला. वर ये म्हणायला माझी जीभ उचलेना. शेवटी यंत्र घेतलं, सगळ्यांसमोर सुया टोचल्या आणि मोठ्यानं वाचलं, "दहा. फळी कोरडी आहे. चार वर्षांपूर्वी याच ओसरीवर मी उकंडराव मिस्त्रीला कामचोर म्हटलं होतं. ते चुकीच्या पत्त्यावर गेलं. परत घेतो."

उकंड्या पायऱ्या चढला, डागाखाली येऊन वर पाहिलं आणि म्हणाला, "कोरडी हाये, हे तुले यंत्र आणून कळलं का बे? मले इचारलं असतं त मी सांगतलं असतं."

"मग गळली कशी?" मी विचारलं.

तो हसायला लागला. "एक मे तारखेले महाराष्ट्र झाला, तवा रेडिओवर सोहळा ऐकाले तू एरियलचा बांबू बांधाले वर चढला होता ना? कोणालेच बोलावलं नाई, एकटाच चढला. सहा कवेलू पायाखाली फोडले तुनं! मी वर गेलो त तुह्या चपलेचा अंगठा तिथंच पडला होता."

ते कवेलू त्यानं स्वतःच्या घरचे आणून बदलले होते. मला माहीतच नाही. अंगठा तुटलेला मात्र मला आठवतो. मी तो दोन दिवस घरात शोधला आणि तुझ्या मामीवर ओरडलो होतो.

"मग तेव्हाच काऊन नाही सांगतलं बे?"

"अर्धं गाव रेडिओपुढं बसलं होतं. तुह्या रेडिओचा एवढा थाट. त्यायच्यासमोर मी काय सांगू, का पोस्टमास्तरनंच आपलं घर फोडलं? म्हटलं, दोन दिवसानं एकट्यात सांगीन. मंग तू बोलावलंच नाई."

चार वर्षं, इंद्रभान! गल्लीच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो. त्याची बायको गेली तेव्हा मी स्मशानात गेलो, पण लांब उभा राहिलो. एवढं सगळं एका वाळलेल्या डागापायी. मला माझी लाज वाटली, आणि ती मी त्याला सगळ्यांसमोर सांगितली. तो म्हणाला, "बस झालं बे, तिळगूळ दे." आणि पट काढायला लावला. तीन डाव झाले. तिन्ही तो जिंकला. सोंगट्या पुसून ठेवल्या होत्या म्हणून मला हसला.

खेळता खेळता त्यानं यंत्राच्या सुया आपल्या तळहाताला लावल्या. काटा पार तिसाच्या पलीकडे जाऊन अडकला. मग माझा हात धरून माझ्याही तळहाताला लावल्या. तेच. तुझी चिठ्ठी त्याला वाचून दाखवली: वीसच्या वर गेलं की कामातून गेलं. म्हणाला, "मंग आपुन दोघंही गेलेलोच. सोंगटी टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो उंद्रीला गेला. थांब म्हणालो, पण पोरीनं खोली सारवून ठेवली होती. त्याची पेटी मी उचलली. गाडी घाटाकडे वळली तशी मी परत आलो. मी काही रडलोबिडलो नाही, पोस्टाच्या माणसाला निरोपांची सवय असते. पुढच्या महिन्यात पट घेऊन उंद्रीला जाणार आहे. त्यानं पत्ता दिला तो मी दोनदा तपासून घेतला.

यंत्र पंजाबरावांच्या हाती परत पाठवतो. संक्रांत उलटून गेली, तुझ्या साहेबांची माफी माग. काटा अगदी बरोबर आहे, त्याची काही चूक नव्हती.

हिंमतराव

ता. क. इंद्रभान, हे डबा बांधून राह्यले तेवढ्यात मी लिहितो. उकंडभाऊजीले गाडीत बसवून आल्यावर तुह्या मामानं ओसरीवर, मी आत हाये असं समजून, ते सुया आपल्या गालाले लावल्या. मी दाराआडून पाह्यलं. इचारलं किती आला, त म्हणते, "यंत्र बंद पडलं." आकडा सांगतला नाई. पण मोठ्या आकड्याचा अर्थ मले आता समजते. — मामी